एक रविवार सोडून

मंगळवारी सकाळी पावणेसातला केदार हसला, आणि त्याचे वडील, तेंडोलकर सर, घाबरले. हसण्यासारखं काही झालं नव्हतं. सुलभाने तव्यावरून काढलेलं घावन त्याने ताटात घेतलं, मग दोन बोटांनी उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरलं, आणि म्हणाला, "आई, ह्याला पट्टा आलाय बघ." आणि हसला. मोठ्याने नाही, नाकातून हवा सोडत, खांदे जरा हलवत, पाचवी-सहावीत हसायचा तसा. मग त्याने दुसरं घावन मागून घेतलं, तेही खाल्लं, चहा चांगला झालाय असं एक वाक्य कुणीही न विचारता बोलला, आणि मसाटला जाणाऱ्या कंपनीच्या बससाठी खाली उतरला. जिन्यात तो काहीतरी गुणगुणत होता. सुलभा तव्यापाशी उभी राहून पदराने डोळे टिपत होती. तिला वाटलं, पोरगं परत आलं. सर वर्तमानपत्रातली एकच ओळ चौथ्यांदा वाचत होते. त्यांना वाटलं, संपलं.

कारण गेले चौदा महिने केदार जेवत होता तो सरकारी फॉर्म भरावा तसा. सगळे रकाने भरायचा, खाडाखोड नाही, शेवटी सही. भात, आमटी, भाजी, पाणी. काय हवं विचारलं की "काहीही." कसं झालंय विचारलं की "ठीक." सुलभाने हळसांद्यांची उसळ केली, सोलकढी केली, कुडाळहून येणाऱ्या माणसाबरोबर फणसपोळी मागवली; सगळ्यांवर एकच शेरा. सरांना ह्याचं वाईट वाटत होतं, पण त्या वाइटाला एक बूड होतं. पुस्तकात असंच लिहिलेलं होतं. आजार पुस्तकाप्रमाणे चालला की घरच्यांना निदान पान क्रमांक तरी माहीत असतो. मंगळवारी पान हरवलं.

सर सिल्वासात आले त्याला एकतीस वर्षं झाली. चोविसाव्या वर्षी सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवायला आले तेव्हा दोन वर्षं काढायची आणि बदली मागायची असं ठरलं होतं; प्रदेशच एवढासा की बदली झाली तरी डबा घरूनच न्यायचा, हे नंतर कळलं. व्यसन ह्या विषयात आपल्याला गती आहे असं ते समजत. गावच तसं. शनिवारी दुपारपासून शेजारच्या कोरड्या, दारूबंदीच्या राज्यातल्या गाड्या इकडे लागत आणि रविवारी संध्याकाळी जपून परत जात. चालीवरून माणूस कितव्या ग्लासात आहे हे सर आमलीच्या नाक्यावरून सांगू शकत. पण दारूला वास असतो, बाटली असते, बायकोची तक्रार असते. कोकेनला नुसता पगार लागतो. केदारला मुंबईत तो होता. मोठ्या लोकांची लग्नं आणि कंपन्यांचे सोहळे भरवणाऱ्या एका ठिकाणी तो कामाला होता, आणि तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने एका दिवसात माळा आवरला, पंखे पुसले, सुलभाच्या पंचवीस वर्षांच्या पातेल्यांना चकाकी आणली, आणि हे सगळं करताना अखंड बोलत होता. हसत होता. सरांनी सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये सांगितलं, मुंबईने पोराला कामसू केलं. दोघा शिक्षकांनी मान डोलावली, एकाने आपला मुलगाही मुंबईला पाठवायचं मनावर घेतलं. ते वाक्य सरांना अजून झोपेतून उठवतं. जेव्हा संशय घ्यायला हवा होता तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. तेव्हा आता केदारचा आनंद हा आनंद म्हणून घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं असावं, किंवा त्यांच्या वतीने कुणीतरी आत ठरवलं असावं. माणसाच्या आतल्या सगळ्या बैठकांना माणसाला बोलावतातच असं नाही.

शिवाय ते व्याख्यान होतं. नशामुक्ती सप्ताहात अकरावी-बारावीसमोर कुणीतरी बोलावं असं निघालं, आणि जीवशास्त्राचा म्हणून सरांवर आलं. घरातली गोष्ट शाळेत कुणाला माहीत नव्हती. सरांनी रात्र रात्र वाचलं होतं, त्या वाचनाला इतक्या महिन्यांनी वर्ग मिळाला. त्यांनी फळ्यावर मेंदूची कड काढली, आत खोलवर एक शेंगदाण्याएवढा ठिपका केला. म्हणाले, भूक लागलेली असताना वास आला, परीक्षेत नाव वर लागलं, कुणी आपली वाट बघत उभं दिसलं, की इथे डोपामाइन नावाचं एक द्रव्य सुटतं. एका पेशीतून सुटतं, पुढच्या पेशीला निरोप देतं, आणि काम झालं की आल्या दाराने परत आत घेतलं जातं. म्हणूनच पहिला लाडू आणि पाचवा लाडू सारखे लागत नाहीत. कोकेन काय करतं, तर त्या परतीच्या दारात उभं राहतं. निरोप्या परत जाऊ शकत नाही. तो तोच निरोप देत राहतो, देत राहतो, आणि पुढची पेशी शेवटी कंटाळून आपले कान कमी करते. मग घरची हाक येते, लाडवाचा वास येतो, पण ऐकायला कान नाहीत. आणि गंमत अशी, मुलांनो, की पुढे पुढे द्रव्य त्या पुडीला सुटतच नाही, पुडीच्या खुणेला सुटतं. ती गल्ली, तो फोनचा आवाज, तो मित्र. घेताना काही फार वाटत नाही, घेण्याआधीच सगळं वाटून जातं. आवड मरते, ओढ वाढते.

हे शेवटचं वाक्य सरांना स्वतःलाच आवडलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून गुड्डीने हात वर केला. ही मुलगी तास संपायला दोन मिनिटं असताना विचारायची, आणि नेमकं विचारायची. सर, मग असं झालं त्याला परत छान केव्हा वाटायला लागतं? सर म्हणाले, महिने जातात, कधी वर्षं, काहींचं पूर्ण भरून येत नाही. गुड्डी बसली नाही. आणि मधेच एखाद्या दिवशी अचानक छान वाटलं तर? घंटा व्हायला आली होती, साठ मुलं दाराकडे बघत होती, आणि सरांनी वर्ग बंद करायला लागतं तसं एक वाक्य टाकलं: "तर समजायचं, परत घेतलं." हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण मुलांनी ते उतरवून घेतलं, चौकटीत घातलं, आणि पुढच्या आठवड्यात वह्या तपासताना सरांनी आपल्याच वाक्यावर साठ वेळा बरोबरची खूण केली. साठ खुणा झाल्यावर कुठलंही वाक्य शास्त्र वाटायला लागतं.

मंगळवारी संध्याकाळी केदार एक तास उशिरा आला. बुधवारीही. उशीर कशाला, तर काम होतं. काम कसलं, तर कामाचं. सरांनी विचारलं नाही, त्यांनी बघायला घेतलं. बघण्याचं त्यांचं एक तंत्र होतं आणि ते मागच्या वर्षभरात चांगलंच वळणावर आलं होतं. बाथरूममध्ये किती वेळ, नळ किती वेळ चालू, नाक किती वेळा ओढलं. धाग्याच्या कारखान्यात गारठा आणि दमट हवा असते, सर्दी होते, हे खरं, पण खरं कारण असणं ही तर लपवणाऱ्याची सोयच. डोळ्यांच्या बाहुल्यांची परीक्षा जेवताना. प्रकाश वाढला की बाहुली आकसली पाहिजे, तर सर हात धुवायला उठायचे, जाता जाता ट्यूबलाइट बंद करायचे, "अरे, चुकून," म्हणून परत लावायचे, आणि वळून केदारच्या डोळ्यांत बघायचे. हे इतक्या वेळा झालं की सुलभाने इमारतीचा वायरमन सुकदेव ह्याला बोलावून बटण बदलून घेतलं. त्याने दोनशे रुपये घेतले आणि बोर्डात काही बिघाड नव्हता असंही प्रामाणिकपणे सांगितलं. केदार एरवी खाली बघून जेवे. बुधवारी मात्र तो वर बघत होता. बटण वाजलं तसं त्याने स्वतःच मान उचलून डोळे मोठे केले, बाबांना नीट दिसावेत म्हणून, आणि परत तसाच हसला. बाहुल्या आकसल्या. सरांना त्या जरा जास्तच तत्परतेने आकसल्यासारख्या वाटल्या.

आणि रविवार होता. कर्जतजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातून पाच महिन्यांनी घरी आणताना ठरलं होतं, केदारनेच कबूल केलं होतं: दर रविवारी सकाळी लघवीची पट्टी. औषधांच्या दुकानात मागायची लाज म्हणून सर त्या पार्सलने मागवत, वरती प्रयोगशाळा साहित्य असं लिहून येई. पट्टी बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर स्वच्छ, एकच आली तर घेतलंय. सुलभाला हे कधी पटलं नाही. तिच्या मते काही नसेल तर रेघही नसावी. दुसरी रेघ पुसट आली तरी ती रेघच धरावी, असं पाकिटावर होतं, पण पाकिटावरचं छापील वाचून निष्कर्ष काढू नका असं सर एकतीस वर्षं मुलांना सांगत आले होते. ते पट्टी खिडकीत नेत, चष्मा काढत, परत घालत. पाच मिनिटांत त्यांच्या कानशिलात ठोके पडत, तोंड कोरडं होई, घरातले सगळे आवाज दूर जात. मग दुसरी रेघ हळूहळू वर येई, गुलाबी, आणि सरांच्या मानेपासून पाठीतून काहीतरी कोमट खाली उतरे. तसं त्यांना दुसरं काही केल्याने वाटत नसे. रविवारी ते गजराआधी उठत, पाचलाच. शनिवारी रात्रीपासून त्यांना उगाच बरं वाटे. सुलभा म्हणायची, सुट्टी म्हणून.

केंद्रात एकदा घरच्यांना समोर बसवून बोलायला लावलं होतं. पहिल्यांदा कसं वाटलं, हे केदारने तेव्हा सांगितलं. म्हणाला, कुणीतरी शंभरपैकी शंभर देऊन टाकल्यासारखं, आणि पेपर अजून लिहायचाच आहे. मग नंतर? नंतर मार्क गेले, पेपर राहिला. बाकीचे पालक रडत होते. सर मास्तर माणूस, त्यांना उपमा चांगली वाटली आणि चांगली वाटल्याची लाज वाटली.

शुक्रवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि स्कूटर मसाटकडे काढली. आतल्या रस्त्यावर कारखान्यांच्या भिंती, त्यांच्यावर लोळलेली बोगनवेल, ट्रकखाली सावलीत जेवणारे ड्रायव्हर. केदारच्या कारखान्यात जाडाभरडा धागा येई आणि पीळ, उष्णता देऊन मऊ, फुगीर होऊन जाई. रात्रंदिवस एकच आवाज, भिंतीला हात लावला तर तळव्यात येई. फाटकावरच्या माणसाने आत निरोप दिला आणि पाळीचा मुख्य, नवनाथ, कानातले कापसाचे बोळे काढत बाहेर आला. शिरपूरकडचा, चाळिशीचा, केसांत धाग्याचे तंतू. केदारचे वडील म्हटल्यावर त्याने आधी पायांकडे हात नेला, मग टपरीवर दोन चहा सांगितले. सरांनी विचारलं, केदार रोज तासभर कुठे असतो? नवनाथला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. इथेच असतो. शेड रूममध्ये, रंगाची शेड बघतात त्या खोलीत. प्रत्येक धाग्याचा तुकडा घेऊन त्याची मोज्यासारखी नळी विणायची, ती रंगवायची, आणि रंग सारखा चढला का ते डोळ्यांनी बघायचं. कुठे जरा गडद पट्टा दिसला की तो माल वेगळा काढायचा. "मशीनला नही दिसत, सर. डोळाच लागतो. आठ वरीस मी काढेल त्या खोलीत, पण पोराला पट्टा माझ्या आधी दिसतो. पाळी सुटली तरी बसतो मोजे बघत. मी म्हणतो, भाऊ, घर नही का तुला?"

उत्तर मिळालं होतं. घावनाचा पट्टाही मिळाला होता. सरांना इथे हलकं वाटायला हवं होतं, आणि ते वाटावं म्हणून ते दोन घोट थांबलेही. काही उतरलं नाही. उलट आतून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं, चालता चालता पायरी संपावी आणि पाऊल हवेत पडावं तसं. मग ते परत भरून आलं, प्रश्नाच्या रूपाने. ती खोली कशी आहे? नवनाथ म्हणाला, काळी, खिडकी नाही, बाहेरचा उजेड चालत नाही. आणि आत कोण असतं? पाळी सुटल्यावर कोण असणार, तो एकटा. अंधारी खोली, एकटा, रोज एक तास. सरांच्या कानशिलात ठोके पडू लागले, आणि ते बोलू लागले.

एकतीस वर्षं पालक त्यांच्याकडे येत होते. कुणी शेतातून, कुणी कंपनीतून, पोराला मानगुटीला धरून. सगळ्यांचं एकच बोलणं: सर, पोरगं तुमच्या ताब्यात, कातडं सोला, हाडं तेवढी आमची ठेवा. आणि मग आवाज खाली आणून पोराची एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगत, अंथरूण ओलं करतो, पैसे चोरतो. कारण आपल्या लेकराची नामुष्की दुसऱ्याच्या हातात ठेवल्याशिवाय तो मनापासून लक्ष ठेवणार नाही, असा त्यांचा समज. सर त्यांना मनात हसत. आता त्यांनी टपरीवरच्या बाकड्यावर बसून नवनाथला तेच सांगितलं. मुंबई, पुड्या, कर्जत. लक्ष ठेवा. मधेच कुठेतरी नवनाथचा चेहरा बदलला आणि सरांना कळलं की ह्याला माहीत नव्हतं. पण शिक्षकाचं वाक्य एकदा निघालं की पूर्णविरामाशिवाय थांबत नाही.

नवनाथने ग्लास बाकड्यावर ठेवला. "आम्हाला तं त्याने कावीळ सांगेल शे, वर्षभर घरी होता म्हणून." मग म्हणाला, "पोरगं वाईट नही, सर. पण तुम्ही बाप. तुम्ही सांगतात म्हणजे ध्यान तं ठेवनंच पडी."

शनिवारी केदार वेळेवर आला. चपला जागेवर ठेवल्या, हातपाय धुतले, ताटावर बसला आणि फॉर्म भरायला सुरुवात केली. भात, आमटी, भाजी. सुलभाने विचारलं, कसं झालंय? ठीक. सरांनी बघितलं आणि त्यांना जे वाटलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही: पान सापडल्यासारखं वाटलं. पाणी पिऊन झाल्यावर केदार म्हणाला, "नवनाथभाऊंनी मला पॅकिंगला टाकलंय. चाळीस जणांत. तिथून मी त्यांना काचेतून दिसतो."

सुलभाने नवऱ्याकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं आणि एका नजरेत सगळं माहीत झालं.

केदार रागावलेला नव्हता, ते जास्त अवघड होतं. म्हणाला, कर्जतला डॉक्टर सांगायचे, एक दिवस काहीतरी छोटंसं आवडेल, घाई करू नकोस. चौदा महिने काही आवडलं नाही. मग एक दिवस त्या काळ्या खोलीत एक पट्टा दिसला. एवढासा, केसाएवढा. कुणाला दिसला नव्हता. "मला छान वाटलं, बाबा. इतकं छान की मी घाबरलो. म्हणून रोज तासभर बसून बघत होतो, दुसऱ्या दिवशीपण वाटतंय का."

सर म्हणाले, तसं कुणी सांगितलं असतं तर. केदार म्हणाला, तुम्ही लाइट बंद करून विचारत होता. मग सुलभा म्हणाली, झालं ते झालं, हे जाऊन बोलतील नवनाथशी. केदारने मान हलवली. नवनाथने सांगितलंय, एक महिना पॅकिंग, मग परत शेड रूम. "ते तारीख सांगतात. तुम्ही कधी तारीख सांगितली नाहीत." ताटात पाणी ओतून त्याने हात धुतला, ही सवय सुलभाला आवडत नसे, पण आज ती काही बोलली नाही. "उद्याचा एक रविवार सोडून दाखवा. पट्टी नाही, लघवीची डबी नाही, काही नाही. एवढं जमलं तर मी इथेच आहे. नाही जमलं तर नवनाथभाऊंच्या आमलीच्या खोलीत एक खाट रिकामी आहे."

"एवढंच ना," सर म्हणाले. त्यांना खरंच सोपं वाटलं.

ते पाचला उठले. गजर लावलेला नव्हता. त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, तुळशीला पाणी घातलं, बुटांना पॉलिश केलं, रविवार असून. साडेसहाला केदारच्या खोलीची कडी वाजली आणि सरांच्या तोंडाला कोरड पडली. पाणी सोडल्याचा आवाज झाला नाही. सुट्टीच्या दिवशी केदार अर्धवट झोपेत लघवीला जाई आणि पाणी न सोडता तसाच परत येऊन आडवा होई. सर गच्चीच्या दारात उभे राहिले. ते स्वतःला म्हणाले, तू त्याच्याकडे मागितलेलं नाहीस. मागायचं नाही एवढंच ठरलंय. म्हणाले, उलट ह्याने त्याचंच भलं होईल, कळेल की खरंच काही नाही, आणि मग हा विषय कायमचा मिटेल. म्हणाले, शेवटचं. ही तीन वाक्यं त्यांनी कुठेतरी ऐकली होती, एवढं त्यांना जाणवलं. कुठे, हे आठवायच्या आत ते बाथरूममध्ये कमोडवर वाकलेले होते, दार नुसतं लोटलेलं, एका हातात पट्टी, दुसऱ्या हाताने चष्मा धरलेला.

पाच मिनिटं. ठोके. दुसरी रेघ वर आली, गुलाबी. कोमट काहीतरी मानेपासून निघालं आणि खांद्यापर्यंत येऊन थांबलं.

ते वळले तर दारात केदार होता. लघवीला आला नव्हता. पाणी सोडायचं राहिलं म्हणून आला होता.

"काय आलं?"

"दोन."

"मग किती वेळ पुरेल?"

सरांना आठवडा म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "नाश्त्यापर्यंत."

केदारने ऐकलं, कर्जतला गोलात बसून इतरांचं ऐकायचा तसं, मान किंचित कलती करून. मग त्याने हात लांब करून पाणी सोडलं. बॅग भरायला त्याला वीस मिनिटं लागली. निघताना तो सुलभाच्या पाया पडला, सरांच्याही, आणि म्हणाला की बुधवारी जेवायला येईन, पट्टीला नाही. सुलभाने त्याच्याबरोबर डब्यात घावनं दिली, नवनाथसाठी धरून सहा.

नंतर घर फार स्वच्छ वाटलं. कुठेच बघण्यासारखं काही उरलं नाही. सर खुर्चीवर बसले, उठले, त्याच्या खोलीत जाऊन आले. बाथरूमची बादली कोरडी, टोपलीत कागद नाही. साडेआठला त्यांच्या मनात आलं की नवनाथच्या खोलीत किती जण राहतात हे आपण विचारलंच नाही. नाशिकचे, धुळ्याचे, नंदुरबारचे, वेगवेगळ्या पाळ्यांचे. कोण कसा कुणाला माहीत. खोली कुठल्या मजल्यावर, खिडकी रस्त्याकडे आहे की नाही. आमली स्कूटरवर सात मिनिटं. थांबायचं नाही, नुसतं समोरून जायचं. हे मनात आलं तसं त्यांना बरं वाटू लागलं. जायच्या आधीच, पायात चपला सरकवतानाच, हातापायांत हलकेपणा आला.

सुलभा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. कुठे, म्हणाली. सर म्हणाले, दूध आणतो. ती म्हणाली, दूध आहे. सर म्हणाले, मग कोथिंबीर. सुलभा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. असा आवाज, असं चटकन बदललेलं कारण, ह्या घरात तिने आधी ऐकलं होतं, दुसऱ्याच्या तोंडून. तिने ओला हात पदराला पुसला आणि पुढे केला.

"किल्ली द्या."

त्यांनी दिली. लगेच दिली, अगदी हसून. मग खुर्चीवर बसले, वर्तमानपत्र उघडलं, आणि स्कूटरची दुसरी किल्ली कुठे ठेवलेली असते ते आठवू लागले.